भरपगारी सुट्टीचे अकरा दिवस

हे अकोल्याला फायर ब्रिगेडच्या गाडीवर नोकरीला आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमच्याकडे रीत आहे, आणि माझं माहेर दर्यापूरचं, काही फार लांब नाही. पण ह्यांना कळलं की बायकोच्या बाळंतपणाला पंधरा दिवसांची भरपगारी सुट्टी मिळते. म्हणाले, "इथंच राहा. मी सगळं करतो." मला ते फार आवडलं. आई रुसली. फोनवर म्हणाली, "त्याले सुट्टी हाय ना? मंग माय कायले पाहिजे तुले!"

अर्ज ह्यांनी लिहिला, मी एकेक अक्षर लावून वाचला. 'पत्नीच्या बाळंतपणासाठी' असं त्यात होतं. गाडीवरची माणसं ह्यांना हसली. "तुले कावून सुट्टी? तू बाळंत होऊन राहिला का बे?" हे घरी येऊन सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

मुलगा झाला. दवाखान्यात हे माझे कपडे धुवायचे. शेजारच्या खाटेवरची म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "पाहा वो बाई, बाप्या लुगडे धुऊन राहिला!" मी तोंडावर पदर घेतला. हे म्हणाले, "जळलेले माणसं उचलतो आजी, हे तं लुगडं हाय."

चौथ्या दिवशी सकाळी बाळाचा श्वास थांबला. डॉक्टरांनी कारण सांगितलं, ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. ह्यांनी आधी ऑफिसात फोन केला. काही घडलं की पहिल्यांदा तिथं कळवायचं, ही त्यांच्या अंगातली सवय. गाडीवरचे दोघे आले, खड्डा त्यांनीच खणला. आईला कळवलं, तर ती म्हणाली, "मी असती तं असं झालं नसतं." तेवढंच. आली नाही. दुपारी मला घरी सोडलं.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. आमची खोली एकच, मला सगळं ऐकू येत होतं.

"वाईट झालं गड्या. पण सुट्टी कायची होती? लेकराची. आता लेकरूच नाई, तं अकरा दिवस मी कागदावर काय म्हणून दाखवू? उद्या सकाळी ये. माणसं कमी हायेत."

"साहेब, तिचे टाके ओले हायेत. घरी दुसरं कोणी नाई."

"तिची माय नाई का?"

हे माझ्याकडे पाहायला लागले. अर्जात लेकरू नव्हतं, मी होते, आणि मी अजून इथं पडलेली होते. एवढं मला माहीत होतं. ते बोलून दाखवणं जमलं नसतं, तरी ह्यांना 'जाऊ नका' एवढं म्हणता आलं असतं. पण फोनमधल्या परक्या माणसाला माझा आवाज जाईल म्हणून मी पदर तोंडात धरला. ह्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाले, "येतो साहेब."

दुसऱ्या दिवशी हे गेले आणि मला दूध आलं. जुनी साडी फाडून मी एकटीनंच छाती आवळून बांधली. गाठ मारताना टाके ओढले जात होते. तरी दूध झिरपतच राहिलं.

संध्याकाळी हे आले, पाय चिखलानं भरलेले. आग कुठंच लागली नव्हती. कुणा पुढाऱ्याची सभा होती, तिथं धूळ उडू नये म्हणून दिवसभर मैदानावर पाणी मारलं होतं. माझी ओली चोळी त्यांनी पाहिली. म्हणाले, "तू थांबा म्हणली असती तं थांबलो असतो. बिनपगारी थांबलो असतो." मग भज्यांचा पुडा सोडून खायला बसले.

मी थांबा म्हटलं नव्हतं, हे खरं आहे.

दोन वर्षांनी मुलगी झाली. या वेळी ह्यांना सगळे पंधरा दिवस मिळाले. आई ये म्हणत होती तरी मी माहेरी गेले नाही. शेजारच्या बायकांना वाटलं, नवऱ्यावर किती जीव आहे.

त्या पंधरा दिवसांत मी पोरीला त्यांच्या हातात दिलं नाही. ते हात धुऊन जवळ आले की मी तिला पदराखाली घ्यायची, पोट भरलेलं असलं तरी. "दे ना, पाच मिनिटं," म्हणायचे. मी म्हणायची, "झोपली." साहेबाचं मी काही करू शकत नव्हते. ह्यांचं करू शकत होते.

शेवटच्या दिवशी ते उंबऱ्यात बसून रडले. मी पाहिलं, आणि पोरीला घेऊन भिंतीकडे तोंड केलं.