कवळीवाली अनोळखी बाई

धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करणाऱ्या मावशीच्या तोंडात औषधाला दात नव्हता, पण जिभेला धार अशी की दातांची उणीव कुणाला जाणवू नये. साहेबाने दारावर चेहरे ओळखणारं यंत्र बसवलं, तेव्हा ती त्याच्यापुढे उभी राहून म्हणाली, "बघ बाबा नीट. नवऱ्यानंसुद्धा इतकं निरखून कधी पाहिलं नाही." यंत्राने ते बोळकं टिपून घेतलं. आत छतालाही कॅमेरे लागले, कोण कुठे रेंगाळतं ते बघायला.

पुढे लेकीने हौसेनं आईला कवळी करून दिली. गाल भरले, हनुवटी जागेवर आली. सकाळी मावशी मिरवत कामावर गेली, तर दार उघडेना.

"अनोळखी व्यक्ती," यंत्र बोललं.

"अनोळखी तुझा बाप!"

पहारेकरी रोज तिच्याच डब्यातलं खाणारा. तो म्हणाला, "मी ओळखतो गं मावशी, पण मला कोण विचारतंय?"

तिने रुमालाआड कवळी काढली. दार उघडलं. आत जाऊन पुन्हा घातली, तर छताच्या कॅमेऱ्याने घुसखोर म्हणून भोंगा वाजवला. पहारेकरी काठी घेऊन धावत आला.

"कुणाला मारतोस? मला की दातांना?"

साहेबाने समजावलं, "नवा चेहरा नोंदवू. पण नवा चेहरा म्हणजे नवी बाई. तुमची कायम नोकरी जुन्या चेहऱ्याच्या नावावर आहे. नवीला रोजंदारीपासून सुरुवात."

"अन् जुनी काय मेली म्हणायची?"

"गैरहजर. माझ्या हातात काही नाही, हे वरून येतं."

कायम होण्यासाठी मावशीने उभी हयात इस्त्रीसमोर भाजून घेतली होती. तिने दात उतरवले.

दात आहेत तर चणे नाहीत, अशी म्हण आहे. मावशीपाशी दोन्ही होतं, चावायला जागा नव्हती. कॅमेरा नव्हता तो फक्त बायकांच्या संडासात. जेवणाच्या सुट्टीत ती तिथे शिरायची, कडी लावून कवळी बसवायची आणि चणे कडाकडा फोडत साहेबाचा उद्धार करायची. बाहेर बायका हसून लोळायच्या. मग त्याही डबे घेऊन तिथेच जमू लागल्या. कॅमेऱ्याखाली तोंड उघडायचीही चोरी होती ना.

यंत्राने अहवाल दिला, बायका संडासात फार वेळ असतात. साहेबाने जुलाब थांबवायच्या गोळ्या पाठवल्या. पहारेकऱ्याने दार वाजवलं.

"मावशी, साहेब विचारतात, पोट कसंय?"

आतून आवाज आला, "भरतंय अजून. थांब म्हणावं."