दवलीकाकीचा रिकामा टोप

दवलीकाकीचा धंदा कानावर चालायचा. तुये गावच्या औद्योगिक वसाहतीच्या फाटकासमोर, पत्र्याखाली तिची खानावळ होती. दुपारची जेवणं आटोपत आली की ती हुमणाच्या, म्हणजे नारळाच्या आंबट कालवणाच्या, टोपात करवंटीचा डाव, तिच्या भाषेत दवली, फिरवायची. तळाला खरखर ऐकू आली की मान डोलावून म्हणायची, "तळ वाजलो. आज धंदो झालो." त्या दवलीवरूनच कामगारांनी तिला हे नाव दिलं होतं.

कंत्राटी कामगारांच्या हक्कांची पत्रकं वाटायला मी त्या फाटकावर उभी राहायची आणि जेवायला काकीकडे जायची. माझी उरलेली पत्रकं ती तळलेल्या माशांखाली पसरायची. "तुझा लिवलेला कोण वाचता ता माका म्हायत नाय, बाय," ती म्हणायची, "पण तेल मातर बरा ओढता." मी चिडायची. मग ती माझ्या भातावर आणखी एक दवली हुमण ओतून मला गप्प करायची.

एकदा ताटाचे पैसे दिले की भात आणि हुमण मागाल तितकं, हा तिच्याकडचा रिवाज. मागणाऱ्याला संकोच वाटू नये म्हणून ती वाढताना ताटाकडे बघायचीसुद्धा नाही, रस्त्याकडे बघत वाढायची. कमाई होती ती तळलेल्या माशात. तो वेगळा घ्यावा लागे. मोरजीची मासेवाली सकाळीच बांगडे टाकून जाई, आणि कायम नोकरीवरचे कामगार ते आवडीनं खात.

मग कारखान्यांनी कायम माणसं कमी केली आणि त्यांच्या जागी कंत्राटी पोरं आणली. बाकं तशीच भरलेली. टोप तसाच रिकामा, उलट आधीपेक्षा लवकर. काकी खूश. पण ही पोरं भात-हुमणावरच उठायची, मासा त्यांना परवडत नव्हता. टोपाच्या भरवशावर काकी बांगडे मात्र पूर्वीइतकेच घ्यायची, आणि ते परातीत उरायचे. ते ती शेजारणीला, मांजरांना आणि मला वाटून टाकायची. येणारा-जाणारा म्हणायचा, "काकी म्हणजे दिलदार बाई." हा शब्द मला आता शिवीसारखा वाटतो. बाई बुडतेय हे कुणी सांगायचं नाही, आणि तिच्या हातचा फुकटचा बांगडा खाऊन तिचं कौतुक करायचं.

मी सांगितलं, "काकी, टोप रिकामा होतो तो फुकटच्या हुमणानं. रोज मासे किती खपतात ते मोज."

ती दचकली. "जेवणाऱ्याच्या पानातला मोजूचा नसता गो. दिष्ट लागता." बांद्याला आईच्या घरी शिकलेली गोष्ट ती तुयेत आणून पाळत होती. एखाद्यानं किती खाल्लं ते मोजणं म्हणजे त्याचा घास काढणं.

एकदा मी तिला छोट्या व्यावसायिकांच्या प्रशिक्षणाला घेऊन गेले. गारेगार सभागृह, कोट घातलेला वक्ता. गिऱ्हाईक वाढवा, गिऱ्हाईक वाढवा, हेच तो सांगत राहिला. परत येताना काकीनं विचारलं, "माझ्याकडे गिऱ्हाईक कमी खय आसा?" बरोबरच होतं तिचं. तुझ्या खानावळीत नेमकं कशावर लक्ष ठेवायचं, एवढं सोडून त्यानं तिला सगळं सांगितलं होतं. अशा लोकांना जेवण देऊन, शाल घालून पाठवतात.

शेवटी मीच म्हटलं, "मग उरलेलं मोज. ते कुणाच्या पानात नसतं."

तिनं परातीतल्या बांगड्यांकडे बघितलं. "उरलेला चलात. ता कोणाचाच नाय." हुमणासाठी चिंच कोळताना निघालेले चिंचोके तिनं धुऊन वाळवले आणि उरलेल्या प्रत्येक बांगड्यामागे एक चिंचोका बरणीत टाकायला लागली. बरणी भराभर चढली. एका दुपारी तिनं ती उचलून हलवली आणि बराच वेळ नुसती ऐकत राहिली. "इतके दिवस मी भलतोच आवाज ऐकत होतंय," म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून बांगडे कमी घेतले. सुक्या जवळ्याची किसमूर, म्हणजे खोबरं घातलेली कोशिंबीर, करून स्वस्तात ठेवली. पोरांनी ती उडवली. बरणीत चिंचोके पडायचे थांबले. पण तांदळाच्या दुकानातली पत त्या उरलेल्या बांगड्यांनी आधीच खाल्ली होती, आणि भाडंही तुंबलं होतं. चतुर्थी झाली आणि जागेच्या मालकानं कुलूप लावलं. लोक म्हणाले, "नशीब काकीचं." नशीब कसलं? बांगडे रोज सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उरत होते. धंदा एका दिवसात मरत नाही, तो आधीपासून सांगत असतो. फक्त तो कुठल्या तोंडानं बोलतोय ते ओळखावं लागतं, आणि वेळेत ओळखावं लागतं.

आता काकी हरमलच्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या एका शॅकमध्ये, झोपडीवजा हॉटेलात, बशा धुते. मी भेटायला गेले तेव्हा तिचे हात साबणात होते. "हय नारळात घालून दितत ती भाजी अर्धी परत येता," ती हळूच म्हणाली. "रोज बघतंय. मॅनेजराक सांगलंय, तर म्हणता, आंटी, तुम्ही बशा धुवा." मग हात पुसून तिनं पदराची गाठ सोडली आणि मूठभर चिंचोके माझ्या हातात ठेवले. "माका आता कित्याक होये? माझा काय उरता मोजूक? कोण नवी खानावळवाली भेटली तर तिका दी. सांग, टोपाचा ऐकू नको."

तुयेला त्याच पत्र्याखाली आता दुसरी बाई जेवण वाढते. मी चिंचोके घेऊन गेले, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, हसली आणि मला टोपाजवळ बोलावलं. दवली तळावर घासून दाखवली.

"बघ बाय, कायेक उरूक नाय."

शेजारची बांगड्यांची परात फडक्यानं झाकलेली होती.