तीन बोटांचं तोंड

चार वर्षांची असताना मी उसाच्या बैलगाडीवरून पडले, ती थेट हनुवटीवर. टाके पडले, जखम भरली, विषय संपला असं घरात सगळ्यांना वाटलं. पुढं वर्षागणिक तोंड मिटत गेलं. सोळाव्या वर्षी दातांच्या फटीत माझी करंगळीसुद्धा शिरत नव्हती. दुधात कुस्करलेली भाकरी त्या फटीतून आत ढकलायची, त्याला मी जेवण म्हणायचे.

बीडच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडाला धरला. कानापुढचा जबड्याचा सांधा जुळून एकच हाड झालंय, ते तोडावं लागेल म्हणाले.

आईला काही केल्या पटेना. "मोडलेलं जोडत्यात. जुळलेलं कावून तोडायचं?"

तरी मला दवाखान्यात भरती केलं. वॉर्डातले बाकीचे हाड जुळावं म्हणून पडलेले, आणि मी उलट्याच कामाला आलेली.

ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी माझीच तीन बोटं उभी माझ्या तोंडात घालून बघितली. मावली. "एवढं राहिलं पाहिजे. रोज या लाकडी पट्ट्या एकीवर एक दातांत घालायच्या, दुखलं तरी. थांबलीस तर पुन्हा जुळेल."

घरी आल्या आल्या आईनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि माझा जबडा डोक्यावरून घट्ट बांधला. आमच्याकडे हाड तुटलं की बांधतात, हलवत नाहीत. "लई कापलंय. आराम पडू दे."

बांधल्यावर ठणका थांबला. खरं सांगते, मला बरं वाटलं. दुखतं ते औषध आणि बरं वाटतं ती चूक, हे डोक्यात शिरायचं तरी कसं? लाकडी पट्ट्या मी उशीखाली सारल्या.

आठ दिवसांनी तपासणीला गेलो. डॉक्टरांनी आईलाच माझ्या तोंडात बोटं घालायला सांगितली. एक गेलं, दुसरं दातांवर अडलं. आईनं बोट बाहेर काढलं.

"म्याच बांधलं हो," ती म्हणाली.

त्या दिवसापासून लुगड्याची पट्टी गेली आणि आई लाकडाच्या पट्ट्या घेऊन माझ्यासमोर बसायला लागली. रोज दुपारी, अजून एक, अजून एक. माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं. मला तिचा राग यायचा, आणि तिनं हात मागं घेतला की भीती वाटायची. नेमकं काय हवं होतं, देव जाणे.

दीडेक महिन्यानं, पट्ट्या काढल्यावर, मला जांभई आली. आजवर माझ्या जांभया नाकातूनच निघून जायच्या. ही मात्र आख्खं तोंड उघडून आली. आईचा हात आपोआप उठला आणि तिनं माझ्या तोंडापुढं चुटकी वाजवली. भावंडांच्या जांभईला ती नेहमी वाजवायची. माझ्यासाठी बारा वर्षांत पहिल्यांदाच.



"मिट आता," ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "माशी जाईल."

मिटू की नको, मला काही कळेना.