नमनाएवढा वेळ

दिग्रसच्या स्टँडवर यवतमाळची एसटी लागली तेव्हा बाबा माझ्याशी बोलत नव्हते. माझी पत्र्याची पेटी त्यांनीच टपावर चढवली, दोरी दोनदा ओढून पाहिली आणि खाली उतरून तोंड दुसरीकडे करून उभे राहिले. आई रडत होती. मी मात्र रागात होतो, आणि हा राग नेमका कोणावर, हे मला यवतमाळ येईपर्यंत कळलं नाही.

बाबा कथा सांगायचे. हिवाळ्यात कापसाच्या जिनात रुईच्या गाठी वाहायच्या आणि उन्हाळ्यात शेतं मोकळी झाली की गावोगाव कथा, हातात खंजिरी. कुठलीही कथा असो, आधी देवीचं नमन, चांगलं लांबलचक. तेवढ्यात रडणारी पोरं गप्प व्हायची, म्हातारे टेकून बसायचे, बाबांचा आवाज तापायचा. मग छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली. घरातले देव गेले आणि त्यांच्याबरोबर बाबांच्या सगळ्या कथाही गेल्या. कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनीच ठरवलं. खंजिरी माळ्यावर टाकली आणि पुढं चार-पाच वर्षं तोंडातून एक गोष्ट काढली नाही. कोणी आग्रह केला की म्हणायचे, “जुनं सोडलं, अन् नवं मले येत नाही.”

भिलाईच्या कारखान्यातून मला कामाचं बोलावणं आलं आणि बाबा आपण होऊन म्हणाले, “तू जाशीन त्या दिवशी बुद्धानं घर सोडल्याची कथा सांगतो. ऐकून जाय.” त्यांना वाचता येत नव्हतं. माझी धाकटी बहीण कमल पंधरा दिवस त्यांना एक पुस्तिका वाचून दाखवत होती. माझी एसटी पाचची, म्हणून कथा भर दुपारी ठेवली. वैशाखातली दुपार! पायाखालची माती पोळत होती. तरी सगळी वस्ती निंबाखाली जमली, डोक्यावर ओले दुपट्टे घेऊन, लेकराबाळांसकट. बाबा पुन्हा कथा सांगणार, ही काही लहान बातमी नव्हती. मी एकटाच कुरकुरत होतो.

बाबा उभे राहिले. माळ्यावरची खंजिरी पुसून आणली होती. डोळे मिटले, हात कानाला लावला, आणि तोंडातून निघालं ते देवीचं नमन.

तीस वर्षांची सवय. दुसरी ओळ झाली तरी त्यांना पत्ता नव्हता. म्हाताऱ्या बायकांच्या माना डोलायलाही लागल्या होत्या. मी मॅट्रिक पास, वस्तीतल्या तरुण मंडळाचा सेक्रेटरी. ताडकन उठलो आणि सगळ्यांसमोर ओरडलो, “बाबा, बंद करा ते! कायचं नमन आता?”

बाबांनी डोळे उघडले. काय झालं ते समजायला त्यांना जरा वेळ लागला. मग खंजिरी खाली ठेवली. “चुकलो,” म्हणाले. आणि माझ्याकडे पाहून, “आता तूच सांग बाप्पा. मले नाही जमत.”

मी सांगितली. म्हणजे पुस्तिका हातात घेऊन शाळेतल्यासारखी घडाघडा वाचली. लोक एकेक करून पाणी प्यायला म्हणून उठले ते परत आलेच नाहीत. राजपुत्र घोड्यावर बसला तेव्हा निंबाखाली आई, कमल आणि दोन कुत्री उरली होती. जवळ जाऊन बाबांच्या कानात एक शब्द सांगितला असता तर ते स्वतःच सावरले असते. एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही, याची चीड अजून जात नाही.

आता मी क्वार्टरमध्ये राहतो. शिफ्ट, ओव्हरटाइम, पंपावर पाण्याची लाइन. दिवसभर हिंदी बोलतो. ‘मले-तुले’ फक्त कमलच्या पत्रात भेटतं. दर वर्षी वैशाखातली रजा मागतो आणि दर वर्षी साहेब म्हणतात, “बरसात में ले लेना.” पावसाळ्यात गावी गेलं तर कथा नसते. एकदा पेरणीच्या दिवसांत बांधावर बसून मी कसंबसं म्हटलं, “बाबा, त्या दिवशी मी...” त्यांनी पुढं बोलूच दिलं नाही. “जाऊ दे नं. कायले काढतं ते?” आणि बैलाला पाणी दाखवायला उठून गेले.

कमलनं लिहिलंय की मी गेल्यानंतरच्या उन्हाळ्यापासून बाबा तीच कथा दर वैशाखात सांगतात, पुस्तिकेशिवाय. उभे राहतात, डोळे मिटतात, हात कानाला लावतात आणि गप्प राहतात. नमनाला लागायचा तेवढा पूर्ण वेळ. पोरंसुद्धा हलत नाहीत. मग डोळे उघडून राजपुत्राची गोष्ट सुरू करतात. शेजारच्या दोन गावांतून लोक येतात म्हणे. पत्राच्या शेवटी तिनं लिहिलं होतं, “दादा, तू एकदा पाह्यलं पाह्यजे.” सात उन्हाळे झाले, मी पाहिलेलं नाही.

तुमच्यातले जे गावीच राहिले, त्यांना ते आयतं मिळतं. आणि जे माझ्यासारखे पेट्या घेऊन निघाले, त्यांचंही असं काहीतरी मागं राहिलं असेलच. मला कोणी घर विचारलं तर क्वार्टरचा नंबर सांगतो. पण माझं घर म्हणजे बाबांच्या मिटल्या डोळ्यांचा तो वेळ, ज्यात अख्ख्या गावात कोणी खोकतसुद्धा नाही.

इथंही वैशाखी पौर्णिमेला हॉलमध्ये कार्यक्रम असतो, कथा मीच सांगतो. मी उभा राहतो, डोळे मिटतो, हात कानाला लावतो आणि गप्प राहतो. लगेच माइकवाला धावत येतो. “भाईसाहब, आवाज नहीं आ रहा क्या?” म्हणत माइकवर टिचक्या मारतो, हॅलो हॅलो करतो. लोक हसतात, मी डोळे उघडून कथा सुरू करतो. माझं नमन दर वर्षी असं अर्ध्यावर तुटतं. मी बाबांचं तोडलं होतं, तसंच.