खड्यांचा माणूस

जागच्या न हलणाऱ्या वस्तूंकडे वालावलच्या माझ्या मित्राइतका वेळ बघत बसलेला माणूस अख्ख्या सिंधुदुर्गात दुसरा झाला नसेल. पुण्याला विद्यापीठात तो संशोधन करायचा. विषय काय, तर घट्ट स्फटिकातून लिथियमचे आयन कसे सरकतात. मी आमच्या घरातला पहिला बी.एस्सी., आणि हे सांगायला मी कधी लाजलो नाही. तरी मलाही ते कळलं एका लग्नाच्या पंगतीत. "ही बसलेली माणसां म्हणजे स्फटिक. जाग्यावरून हलूचा नाय. तो सोलकढीवालो वाढपी म्हणजे लिथियम. दोन पानांमधी वाट गावली की बघ कसो सटकता!" सांगताना तो इतका रंगला की भात, सोलकढी आणि खीर, तिन्ही लिथियम त्याचं पान चुकवून पुढे गेले. एकदा भरलेल्या एसटीत दाटीतून सरकणारा कंडक्टर न्याहाळत बसला आणि कुडाळला उतरायचा तो सावंतवाडीला पोचला.

त्याच्या आईनं मात्र गावाला साध्या भाषेत सांगून ठेवलं होतं, "झील खड्यांचो अभ्यास करता." स्फटिकाला ती माउली दुसरं काय म्हणणार? झालं! मे महिन्यात तो घरी आला की लोक अंगठ्या घेऊन ओटीवर हजर. "ह्यो पुष्कराज माका लाभतलो काय रे?" एका दुकानदारानं विचारलं. यानं खडा उन्हात धरला आणि सांगितलं, "ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन." दुकानदार म्हणाला, "मगे माज्या भाताच्या टोपान माका श्रीमंत कित्याक नाय केल्यान?"

इथवर हसण्यावारी गेलं. पण माझ्या धाकट्या बहिणीचं त्याच्याशी जवळजवळ ठरलं होतं. दोघांच्याही मनात होतं. अडचण एकच, तिच्या पत्रिकेत मंगळ. आमचे बाबा होडीवरचे तांडेल, वाऱ्याला न भिणारे, पण मंगळाला भिणारे. त्यांनी तिच्यासाठी पोवळ्याची अंगठी करून आणली आणि याच्या हातात ठेवली. "पोवळ्यान मंगळ शांत होता मा? तू खड्यांतलो माणूस. तू हो म्हटलंस की झाला."

दाराआड बांगड्या वाजायच्या थांबल्या.

त्यानं अंगठी उलटसुलट करून बघितली. एक अक्षर पुरलं असतं. "काका," तो म्हणाला, "ह्यो नुसतो चुनो. मंगळाक ह्येचो पत्तोच नाय. आणि माका मंगळाचा कायएक वाटणा नाय."

बाबांनी अंगठी खिशात टाकली. "जेका मंगळाचा भय नाय, तेच्या घराक मी चेडू देवचंय नाय."

बहिणीला पुढल्या वर्षी मुंबईचं स्थळ मिळालं. जावई चांगला आहे, बँकेत आहे. मित्र अजून पुण्यातच आहे, एकटा. गेल्या गणपतीत बहीण माहेरी आली होती. कोथिंबीर निवडताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "तेचा झाला काय रे ता लिथियमचा?"

"नाय अजून."

"माका तेवाच म्हायत होता, तो हो म्हणूचो नाय," ती म्हणाली आणि निवडून ठेवलेली कोथिंबीर पुढ्यात ओढून परत निवडायला लागली.