गुहेबाहेरचा लाल रुमाल

सत्कार सुरू व्हायला थोडाच अवकाश होता, आणि जिचा सत्कार व्हायचा ती बाई एका लाकडी पेटीत, गुडघे हनुवटीला टेकवून, अंधारात बसली होती. उजवा गुडघा अडकला होता. तो सरळ होईना, आणि तो सरळ झाल्याशिवाय तिला वळता येईना. कुणी हाका मारत शोधत यावं, तर ती सोय तिनं कित्येक वर्षांपूर्वी स्वतःच्याच तोंडानं बंद करून ठेवली होती.

पेटी आपली समजण्यापुरती. मुलं तिला गुहा म्हणत. सुतारानं ती बनवली, तेव्हा मावशीनं दार मुद्दाम बुटकं ठेवायला सांगितलं होतं. पोर रांगत आत जावं आणि मोठ्या माणसाचे खांदे अडावेत, असा हिशेब. सुतारानं कानामागची पेन्सिल काढली, डोकं खाजवलं आणि विचारलं, "मावशी, उद्या एखादं मोठं माणूस आत अडकलं तर?"

"मोठ्या माणसानं जायचंच कशाला आत?"

"माणसाचा काय नेम," म्हणत त्यानं छप्पर ठोकून न टाकता चार बोल्टांवर बसवलं. मावशी तेव्हा हसली होती. आता त्या छपराखाली मान वाकवून बसलेली असताना तिला ते हसू आठवलं, आणि स्वतःचाच राग आला.

नियम असा होता. आवाज फार झाला, उजेड टोचायला लागला, कुणाचा धक्का लागला, किंवा यातलं काहीच झालं नाही आणि तरी सगळं नकोसं झालं, की मुलानं चपला काढायच्या, दाराशेजारच्या खुंटीवर लाल रुमाल अडकवायचा आणि गुहेत शिरायचं. रुमाल दिसला की बाहेरच्यांनी गप्प व्हायचं. हाक मारायची नाही, दारातून डोकावायचं नाही. "काय झालं रे?" हा प्रश्न तर खेळघरात कायमचा हद्दपार.

खेळघर म्हणजे एके काळचं गाद्यांचं गोदाम. पायरी म्हणून कुठे नाही, सगळीकडे उतार. वाळूचं टेबल चाकाच्या खुर्चीत बसलेल्या मुलाच्या कोपराच्या उंचीचं. चेंडूंच्या पोटात घुंगरू, म्हणजे न दिसणाऱ्या मुलालाही चेंडू कुठून येतोय ते कळावं. जमिनीवर काथ्याची पट्टी चिकटवलेली. तिच्यावरून पाय चाचपत कुणीही एकटं घसरगुंडीपर्यंत जाई. आणि या सगळ्यांत पळणारी, उड्या मारणारी मुलंही तितकीच. यांचं वेगळं आणि त्यांचं वेगळं, हे मावशीला मुळीच खपत नसे. "भांडायचं ना? मग एकत्र भांडा," असं ती ठणकावून सांगायची.

मावशी पूर्वी शाळेत खेळ शिकवायची. एका मुलीच्या पायांत आधाराचे कॅलिपर होते, म्हणून खेळाच्या तासाला तिला झाडाखाली बसवून सगळ्यांची दप्तरं तिच्यापुढे रचत. तू सांभाळ हं! एके दिवशी मावशीनं ती दप्तरं उचलून थेट मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन आदळली आणि स्वतःची शिट्टी त्या मुलीच्या गळ्यात घातली. पोरीनं अशी काही पंचगिरी केली, की दोन्ही संघ रडकुंडीला आले. मावशीची नोकरी त्यानंतर फार टिकली नाही. खेळघर मात्र टिकलं.

टिकलं, आणि तिथंच घोडं अडलं. गुडघे गेले. मनगटं गेली. पोरांना झोपाळ्यात उचलून ठेवताना कमरेतून कळ निघायची, ती थेट डोळ्यांत पाणी आणायची. मावशीला आता फार काही नको होतं. आपल्या घरातली खिडकीजवळची खुर्ची, कप गार होईपर्यंत हातात धरून ठेवायची मुभा, आणि दिवसभरात एकदाही कुणी "मावशी!" म्हणून हाक न मारणं. थांबायचं होतं तिला. पण हे बोलायला तिनं तोंड उघडलं, की समोरची कुणी आई तिचा हात धरायची. "मावशी, तुम्ही आहात म्हणून हो!" बस. बोलणं तिथंच संपायचं. घरी बहिणीनं तेच म्हणावं, रस्त्यात औषधवाल्यानं तेच म्हणावं. कौतुकाच्या फुलांनी माणूस असा काही झाकला जातो, की खाली तो गुदमरतोय हे कुणाला दिसत नाही.

आणि त्यातून भाची. थोरल्या बहिणीची मुलगी शिक्षण संपवून थोडे दिवस मदतीला म्हणून आली, ती इथंच रमली. निदान मावशीला तसं वाटत होतं. या पोरीनं आपल्या भरवशावर सगळं सोडलंय, मग आपण कसं थांबायचं?

आज सकाळी गोदामाचे मालक आले. माणूस लाखात एक. जागा त्यांनीच दिलेली, आणि दिल्याचा उच्चार कधी केला नाही. खुर्च्या मांडणाऱ्यांना बाजूला सारत ते मावशीच्या कानाशी आले. "आज मी जाहीर करणार आहे. नदीपलीकडचं गोदामही तुमचं! तिकडं तुम्ही नवं उभं करा, इकडचं भाची बघेल. बोला!"

मावशीनं "अहो..." एवढाच सूर लावला.

"मला माहीत होतं, तुम्ही नाही म्हणणार नाही!" मालकांनी टाळी मागितली. मावशीनं दिली. तिचा हातसुद्धा तिचं ऐकत नव्हता.

मग माइकवाला "हॅलो, हॅलो" करू लागला, कुणी तिच्या केसांत फूल खोचलं, कुणी नव्या गोदामाला कोणता रंग बरा दिसेल ते विचारलं. मावशी पाणी पिऊन येते म्हणून निघाली, ती मागच्या कोपऱ्यात पोचली. समोर गुहा. तिनं चपला काढल्या, रुमाल अडकवला, एक खांदा तिरका घातला, मग दुसरा, आणि एखादी मोठी उशी लहान खोळीत कोंबावी तशी स्वतःला आत कोंबलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आत लाकडाचा आणि धुतलेल्या गादीचा वास होता. बाहेरचा कालवा कापसात गुंडाळल्यासारखा येत होता. 'पोरं यासाठी येतात होय!' तिला वाटलं. तिनं डोळे मिटले. उघडले, तेव्हा गुडघा अडकलेला होता.

बाहेर पावलं वाजली. दाराच्या फटीतून दोन पाय दिसले, एक मोजा निळा, एक पिवळा. ही मुंगी. एका ओळीत, भिंतीच्या कडेकडेनं चालते म्हणून मुंगी. बोलत नाही, पण खेळघराचा नियम तिच्याइतका कडक कुणी पाळत नाही. गुहेचं सगळ्यांत जास्त काम तिलाच पडे. तिनं रुमाल पाहिला, आणि दाराला पाठ लावून फतकल मारून बसली. दारातून येत होता तेवढा उजेडही गेला.

"मावशी कुठं गेल्या?" मालकांचा आवाज.

"मघाशी पाणी प्यायला गेल्या."

"एवढं पाणी? विहीर उपसतायत की काय!"

"न्हाणीघरात बघा," हा थोरल्या बहिणीचा आवाज. "लहानपणीसुद्धा काम निघालं की तिथंच जाऊन बसायची."

पेटीतल्या पेटीत मावशीचे कान लाल झाले. आता हाक मारावी का? 'मी इथं आहे, पोरांच्या गुहेत, बाहेर येता येत नाही.' कसं दिसेल ते! आणि मुंगीला पाठीमागून आवाज आला तर ती घाबरेल, मग दिवसभर सावरायची नाही. मावशीनं ओठ घट्ट मिटले.

गुहेच्या मागच्या फळीपलीकडे सामानाची खोली होती. तिथं दोघी येऊन बोलू लागल्या. भाची आणि तिची आई.

"आज जाहीर झालं की संपलंच गं आई. मग मला कसं निघता येईल?"

"मग सांग ना तिला!"

"काय सांगू? मला त्या दुसऱ्या शहरातल्या नोकरीला जायचंय म्हणून? तिनं माझ्या भरवशावर एवढा डोलारा उभा केलाय. मी गेले तर ती मोडेल."

"अगं, ती मावशी आहे तुझी, सासू नव्हे."

"सासू असती तर केव्हाच सांगितलं असतं!" भाची हसली. मग तिला रडू आलं. "सगळे म्हणतात, अगदी मावशीवर गेलीय. मला ऐकून धाप लागते."

फळीच्या अलीकडे मावशीला सगळं ऐकू आलं. जी पोर आपल्याला इथं धरून आहे असं वाटत होतं, तिला आपणच धरून ठेवलं होतं. आता आपण गप्प राहिलो, तर मालक टाळ्यांच्या गजरात दोघींना एकाच पेटीत घालतील आणि वर बोल्ट आवळतील.

तिनं बोटांनी फळीवर टकटक केली. हळूच, मुंगी दचकू नये अशी. बाहेरून मुंगीनं तितक्याच हळूच उलट टकटक केली, आणि जागची हलली नाही. तिच्या मते सगळं व्यवस्थित चाललं होतं.

तेवढ्यात सुतार आला. त्यालाही सत्काराचं बोलावणं होतं. आला होता इस्त्रीच्या सदऱ्यात, पण खिशात पाना होताच. त्यानं रुमाल पाहिला, मुंगी पाहिली, मग दाराशी काढलेल्या चपला पाहिल्या. त्या चपला कुठल्याच पोराच्या मापाच्या नव्हत्या. तो गुडघ्यांवर बसला. मुंगीनं दोन्ही हात पसरून दार अडवलं.

सुतारालाही नियम ठाऊक होता. त्यानं हाक मारली नाही, डोकावला नाही. फक्त वर, छपराकडे बोट केलं. मुंगीनं बराच विचार केला. नियम दाराचा होता. छपराबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. तिनं मान हलवली.

बोल्ट फिरायचा आवाज ऐकून लोक गोळा झाले. सुतारानं आणि मालकांनी छप्पर उचललं, त्या गडबडीत रुमाल खाली पडला, आणि पडदा अवेळी वर जावा तसा सगळा उजेड मावशीच्या अंगावर आला. वर गोल करून चेहरे. खाली ती, केसांतलं फूल कानावर लोंबलेलं.

मालकांनी हात जोडले. "बघा! मुलांना आत काय वाटतं ते कळावं म्हणून ही बाई या वयात स्वतः आत जाऊन बसली. याला म्हणतात वाहून घेणं!"

टाळ्या! कडकडाट! एक आई तर डोळे पुसू लागली.

"मी लपले होते," मावशी म्हणाली.

लोक हसले. काय तो विनय!

"मला दुसरं खेळघर नकोय हो."

"सुरुवातीला पहिल्यालाही नाहीच म्हणाला असाल!" मालक म्हणाले, आणि पुन्हा हशा पिकला.

मावशीला वाटलं, संपलं. छप्पर निघालं तरी आपण आतच. हसऱ्या चेहऱ्यांत एक चेहरा हसत नव्हता, भाचीचा. आणि दुसरा मुंगीचा. तिनं दोन्ही कानांवर हात दाबले होते. मग तिनं एक हात काढला, वाकून जमिनीवरचा रुमाल उचलला, आणि टाचा उंच करून खुंटीवर जिथल्या तिथं अडकवला.

आधी मुलं गप्प झाली. चाकाच्या खुर्च्या थांबल्या. एकानं घुंगराचा चेंडू पोटाशी घट्ट धरला. मुलं गप्प झालेली पाहून आया गप्प झाल्या. माइकवाल्यानं बटण बंद केलं. मालकांचं तोंड उघडं होतं. एका लहानग्यानं त्यांच्या ओठांवर बोट ठेवायचा प्रयत्न केला, हात पोचेना, म्हणून पोटावर ठेवलं. तेही गप्प झाले.

त्या शांततेत मावशी हळू आवाजात बोलली. आवाज चढवायची गरजच नव्हती.

"माझ्यानं आता होत नाही. मला थांबायचंय. खेळघर चालावं, पण ते मी चालवणार नाही, आणि ही पण नाही." तिनं भाचीकडे पाहिलं. "हिला दुसरीकडे जायचंय, जाऊ द्या हिला. कोण चालवणार ते तुम्ही सगळ्यांनी बसून ठरवा. मला विचारायला येऊ नका."

कुणीच बोललं नाही. रुमाल होता ना. मालकांचा चेहरा पडला होता. तो पाहून सवयीनं ओठांवर आलेलं "बरं, बघू" मावशीनं दातांखाली धरून ठेवलं. भाचीनं गुहेच्या भिंतीवरून हात खाली घातला आणि मावशीच्या आखडलेल्या गुडघ्याची वाटी दोन्ही अंगठ्यांनी दाबली. कट्‌ असा आवाज झाला. मावशी कळवळली. पाय सुटला.

तरी ती उठेना. उठलं की लोक बोलणार होते.

मग तिच्या खांद्यावर कुणीतरी बोटानं टोचलं. मुंगी होती. तिनं मावशीकडे बोट केलं, मग बाहेर केलं. स्वतःकडे केलं, मग आत केलं. इतका वेळ ती दाराशी का बसली होती, ते मावशीला आत्ता कळलं. तिचा नंबर होता.

"निघते गं बाई," मावशी पुटपुटली, आणि भाचीचा हात धरून उठायला लागली.