पांढरं पडलेलं मोरचूद

माझा जेवणाचा डबा स्टोअरबाबूनं प्रयोगशाळेच्या टेबलावर उपडा केला. दोन भाकरी, कांदा, तिखट. चाळीस पोरं बघत होती. मग म्हणाला, "पदर झटक वं."

मी झटकला. का झटकला, याचा संताप अजून जात नाही.

आणीबाणीच्या आधीचं वर्ष. नागपुरातल्या एका कॉलेजात मी काचसामान धुवायची. बीएस्सीच्या पोरांसाठी ताटभर मोरचूद काढलं होतं. निळेशार खडे. सकाळी ओव्हन उघडला तर ताटात पांढरी भुकटी.

बाबू ओरडला, "खडे विकले आन् मीठ भरलं! हिचा भाऊ कळमेश्वरले संत्र्याच्या बगीच्यात कामाले आहे. झाडाले मोरचूद लागते ना? तिकडंच गेलं. धर्म बदलला, पण सवय नाही बदलली यायची."

विभागप्रमुख सर शेजारीच उभे होते. ओलसर खडे सुकवायला ताट त्यांनीच आत ठेवलं होतं. बटण पुरतं फिरवून ते विसरून घरी गेले होते. मी पाहिलं होतं.

"सर, तुमीच ठेवलं होतं ना?"

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला आठवत नाही."

डोळ्यांत आलेलं पाणी तिथंच आटलं.

बशा धुताना असली भुकटी मी कितीदा पाहिली होती. नळाचं पाणी ओंजळीत घेतलं, ताटात शिंपडलं. थेंब पडला तिथं निळं. मग सगळं ताट निळं.

"मिठाचं असं होते का, बाबू?"

मी सरांकडे वळले. "काहून निळं झालं, सर? सांगा पोराईले."

पोरं जवळ सरकली होती. सांगावंच लागलं. खालच्या आवाजात म्हणाले, "तांब्याभोवती पाणी आलं की त्यातल्या इलेक्ट्रॉनच्या पातळ्या दुभंगतात. खालचा इलेक्ट्रॉन वर चढायला प्रकाशातला लाल भाग शोषतो. उरलेला निळा आपल्याला दिसतो. तापवून पाणी गेलं, की दिसणारा प्रकाश शोषला जात नाही. म्हणून पांढरं."

"म्हणजे ताट पाहताच तुमाले समजलं होतं."



बाबूला माहीत नव्हतं, तरी त्यानं चोर म्हटलं. सरांना माहीत होतं, आणि त्यांनी माझी झडती होऊ दिली. माझं वैर सरांशी.

ताट तसंच ठेवून मी प्राचार्यांकडे गेले. लेखी तक्रार. चाळीसातल्या सहा पोरांनी सह्या केल्या. बाकीच्यांना मार्कांची भीती.

आठवड्यानं सर आमच्या वस्तीत आले. पहिल्यांदाच. सासूनं पाणी दिलं. सरांना गरज होती, प्याले. "बाई, चौकशी लागली तर माझं होऊ घातलेलं प्राचार्यपद जाईल. झालं गेलं सोडा." तोवर मी कधी 'बाई' नव्हते.

"त्याच पोराईसमोर बोला. मले माहीत होतं, म्हणा."

"ते कसं जमेल?"

"मंग होऊ द्या चौकशी."

झाली. एकही तारीख मी चुकवली नाही. ते प्राचार्य झाले नाहीत. मला आनंद झाला, लपवत नाही.

ते निवृत्त झाल्यावर त्यांचं पत्र आलं. माफीचंच असणार. बंद पाकिटात, एकटीला वाचायला. मी न फोडता परत पाठवलं. पुन्हा आलं तर पुन्हा पाठवीन.